आरटीईचा ऑनलाइन अर्ज: 'एक किलोमीटर'चा नियम आळेफाट्याला कसा लागतो?

"अगं, मेसेज आला का?"

फेब्रुवारी 2025 मध्ये आळेफाट्याच्या आसपास लहान मुलं असलेल्या घरांमध्ये हा प्रश्न बऱ्याचदा विचारला गेला. मेसेज म्हणजे आरटीईच्या सोडतीचा. खासगी शाळेत 25 टक्के राखीव जागांवर मोफत प्रवेश मिळावा म्हणून जानेवारीत ज्यांनी ऑनलाइन अर्ज भरला, त्यांची सोडत 10 फेब्रुवारी 2025 ला पुण्यात निघाली. ज्यांचा नंबर लागला, त्यांना 14 ते 28 फेब्रुवारी या काळात कागदपत्रं तपासून प्रवेश पक्का करायचा होता.

राज्यात 2025-26 साठी साधारण 8 हजार 863 शाळांमध्ये 1 लाख 9 हजार जागा होत्या. अर्ज आले 3 लाख 5 हजारांहून जास्त. म्हणजे एका जागेमागे जवळपास तीन मुलं. पुणे जिल्ह्यात चित्र आणखी दाटीचं होतं. इथे साडेअठरा हजारांच्या आसपास जागा आणि 61 हजारांहून अधिक अर्ज.

पण खरी गोष्ट या आकड्यांच्या पुढे आहे. सोडतीत निवड झाली ती एक लाखाहून थोड्या जास्त मुलांची. म्हणजे दोन लाख मुलं बाहेर राहिली आणि तरीही काही हजार जागांसाठी कुणाचाच नंबर लागला नाही.

रांग मोठी आणि खुर्च्या रिकाम्या, हे एकाच वेळी कसं होतं? याचं उत्तर अर्जातल्या एका छोट्या गोष्टीत आहे. नकाशावर तुमचं घर कुठे आहे आणि शाळा तिथून किती लांब आहे.

समजून घेऊ.

आधी थोडक्यात: ही योजना नेमकी काय आहे?

आरटीई म्हणजे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा, 2009. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. या कायद्याच्या कलम 12(1)(क) नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. साध्या हिशेबात, पहिलीला 60 मुलं घेणाऱ्या शाळेत 15 जागा.

या मुलांना आठवीपर्यंत शाळेची फी भरावी लागत नाही. ती सरकार शाळेला देतं, पण शाळा जेवढी फी घेते तेवढी नाही. सरकारचा स्वतःचा एका मुलामागचा खर्च आणि शाळेची फी, यात जे कमी असेल ते. महाराष्ट्रात ही रक्कम वर्षाला जास्तीत जास्त 17 हजार 670 रुपये ठरलेली आहे.

शाळांनी या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. 12 एप्रिल 2012 ला न्यायालयाने ती वैध ठरवली. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र यातून सूट आहे.

अर्ज कोण करू शकतं? ढोबळ मानाने दोन गट आहेत.

पहिला वंचित घटक. यात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागासवर्ग, दिव्यांग मुलं, अनाथ मुलं वगैरे येतात. जातीच्या आधारावर अर्ज करणाऱ्यांना जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाचा नाही.

दुसरा दुर्बल घटक. म्हणजे खुल्या प्रवर्गातली, पण वर्षाचं उत्पन्न 1 लाख रुपयांच्या आत असलेली कुटुंबं. यांना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो.

एक लाख म्हणजे महिन्याला 8 हजार 333 रुपये. फाट्यावरच्या हॉटेलात टेबलं पुसणाऱ्याचा पगारही हल्ली याच्या पुढे जातो. दिल्लीत हीच मर्यादा एक लाख होती. डिसेंबर 2023 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती फार कमी असल्याचं म्हटलं आणि नंतर ती वाढवण्यात आली. आपल्याकडे आकडा आहे तिथेच आहे.

त्यामुळे जुन्नर तालुक्यात एक गंमत दिसते. एकाच शिवारात, सारखीच जमीन कसणारी दोन घरं. एकाकडे कुणबी दाखला आहे, म्हणून ते ओबीसी. त्यांना उत्पन्नाची अट नाही. शेजारच्या घराकडे तो दाखला नाही, म्हणून ते खुल्या प्रवर्गात. त्यांना लाखाच्या आतलं उत्पन्न दाखवावं लागतं. ज्या वर्षी कांद्याला बरा भाव मिळाला, त्या वर्षी दुसऱ्या घराचं पोरगं अर्जाच्या बाहेर.

अर्जात 'एक किलोमीटर' कुठून आला?

कायद्यात शब्द आहे 'शेजारची मुलं'. शाळेने आपल्या परिसरातल्या मुलांना घ्यावं, असा त्याचा अर्थ. हा परिसर मोजायला ऑनलाइन अर्जात नकाशा दिलेला आहे.

अर्ज भरताना पालकांना नकाशावर आपल्या घराची जागा खुणेने दाखवावी लागते. शाळांची ठिकाणं आधीच नोंदवलेली असतात. 2025 च्या प्रक्रियेत या दोन खुणांमधलं अंतर पोर्टल मोजत होतं आणि शाळा तीन टप्प्यांत दाखवत होतं: 1 किलोमीटरच्या आत, 1 ते 3 किलोमीटर आणि 3 किलोमीटरच्या पुढे. पालक जास्तीत जास्त 10 शाळा निवडू शकत होते.

सोडतीत आधी 1 किलोमीटरच्या आतल्या मुलांचा विचार होत होता. त्यातून जागा उरल्या तर 1 ते 3 किलोमीटरमधल्या मुलांचा. त्यानंतरच पुढच्यांचा.

वरवर पाहता हे न्याय्य आहे. शाळेच्या शेजारच्या मुलाला आधी संधी. सहा वर्षांच्या पोराला लांबचा प्रवास नको. शहरात हा नियम बऱ्यापैकी चालतो.

आता तोच नियम आळेफाट्याला लावून बघा.

फाट्यावरचं एक किलोमीटर आणि वस्तीवरचं एक किलोमीटर

पुणे-नाशिक महामार्ग आणि कल्याण-नगर महामार्ग एकमेकांना छेदतात, तिथे आळेफाटा आहे. नावच सांगतं की मूळ गाव आळे आणि हा त्याचा फाटा. आज मात्र बाजारपेठ फाट्यावरच आहे. बाजार समितीचा उपबाजार, कांद्याचे लिलाव, दवाखाने, गॅरेज, एसटी स्टँड. आजूबाजूला आळे, वडगाव आनंद, संतवाडी, कोळवाडी, पिंपळवंडी, राजुरी अशी गावं. आणि या प्रत्येक गावाची बरीचशी घरं गावठाणात नसून मळ्यांत, वस्त्यांवर.

एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्यात सव्वातीन चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागा येते. कोथरूड किंवा हडपसरमध्ये एवढ्या जागेत हजारो कुटुंबं आणि अनेक शाळा असतात. मळ्यातल्या घराभोवती हेच वर्तुळ काढलं, तर त्यात ऊस येतो, विहिरी येतात, चार-दोन वस्त्या येतात. खासगी शाळा येईलच असं नाही.

कारण जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळा आहेत त्या मुख्यतः बाजारपेठेच्या गावांत आणि महामार्गालगत. आळेफाटा, नारायणगाव, ओतूर, जुन्नर, मंचर. शाळा बसच्या हिशेबाने उभी राहते. तिचे फी भरणारे विद्यार्थी दहा-पंधरा गावांतून येतात. आरटीईचा नियम मात्र धरून चालतो की शाळेचा परिसर म्हणजे चालत जाण्याचं अंतर.

याचा परिणाम दुहेरी होतो.

ज्यांचं घर फाट्यावर आहे, त्यांना पहिला टप्पा मिळतो. ज्यांचं घर वस्तीवर आहे, ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यात जातात. नावाजलेल्या शाळेतल्या जागा पहिल्या टप्प्यातच संपतात. आणि ज्या शाळा गावापासून लांब माळावर आहेत, त्यांच्या शेजारी मुलंच कमी. लांबच्या पालकांनी ती शाळा दहाच्या यादीत टाकली नाही, कारण बसचा खर्च कोण करणार? मग जागा रिकामी.

आता सुरुवातीचा प्रश्न आठवा. रांग मोठी आणि खुर्च्या रिकाम्या. अर्ज एका ठिकाणी गर्दी करतात, जागा दुसऱ्या ठिकाणी असतात. सोडत ही दरी भरून काढू शकत नाही. ती फक्त आहे त्या गर्दीतून नावं निवडते.

नकाशावरचं अंतर आणि रस्त्यावरचं अंतर

आणखी एक अडचण आहे. दोन खुणांमधलं अंतर आणि पायाखालचं अंतर यात फरक असतो.

नकाशावर 900 मीटर दिसणारी शाळा महामार्गाच्या पलीकडे असू शकते. मधे चार पदरी रस्ता, धावणारे ट्रक आणि लांबून वळसा घालून येणारा क्रॉसिंगचा रस्ता. मधे ओढा असू शकतो. जुन्नर तालुक्यात तर उसाच्या कडेने जाणारी पायवाट सकाळी सातला लहान मुलाने एकट्याने चालायची, हा विचारच कुणी करत नाही. बिबट्याच्या भीतीने अंधार पडायच्या आत मोठी माणसंसुद्धा घरी येतात.

अशा वेळी 'जवळची' शाळा कागदावर जवळची असते.

आणि ही खूण टाकतं कोण? पुष्कळदा पालक नाही. अर्ज मोफत आहे, मोबाइलवरूनही भरता येतो. तरीही बरेच जण झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात जातात, कारण चूक झाली तर पोराचं वर्ष जाईल ही धास्ती असते.

माझ्या चुलत बहिणीने मागच्या वर्षी तेच केलं. ती राहते फाट्यापासून तीनेक किलोमीटरवर, मळ्यात. दुकानातल्या मुलाने पाच मिनिटांत फॉर्म भरला, प्रिंट हातात दिली. लोकेशन विचारलं सुद्धा नाही. सोडतीत नंबर लागला, घरात पेढे आले. पडताळणीच्या वेळी कळलं की नकाशावर तिचं घर म्हणून खूण होती ती त्या दुकानाच्या शेजारी. आधार कार्डावरचा पत्ता वेगळा, खुणेची जागा वेगळी. प्रवेश गेला.

"मी काही खोटं केलं नव्हतं गं," ती अजून म्हणते.

ते खरं आहे. पण पडताळणी समितीने काय करायचं? कारण मुद्दाम चुकीची खूण टाकणारेही आहेत. शाळेजवळचा पत्ता दाखवायचा, तिथला भाडेकरार बनवायचा आणि पहिल्या टप्प्यात घुसायचं. 2024 मध्ये नागपुरात बनावट कागदपत्रांवर प्रवेश घेतल्याच्या प्रकरणात पालकांवर गुन्हे दाखल झाले. खोटी खूण आणि चुकलेली खूण संगणकाला सारखीच दिसते. म्हणून नियम कडक होतात, आणि त्याचा फटका दोघांनाही बसतो.

भाड्याने राहणाऱ्यांचं काय?

आळेफाटा हे बाहेरून पोटासाठी आलेल्यांचंही गाव आहे. मार्केटमधले हमाल, ड्रायव्हर, गॅरेजवाले, हॉटेलातले कामगार, मळ्यांत मजुरीला आलेली कुटुंबं. यातले बहुतेक भाड्याच्या खोलीत राहतात आणि व्यवहार तोंडी असतो. "दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं" एवढाच करार.

आरटीईसाठी मात्र भाडेकरार दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला लागतो. तोही अर्ज भरण्याच्या मुदतीआधीचा आणि 11 महिने किंवा त्याहून जास्त काळाचा. साध्या नोटरीचा करार चालत नाही. त्यासाठी मुद्रांक, नोंदणी शुल्क आणि एजंटचे पैसे लागतात. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे घरमालकाची तयारी लागते.

दहा बाय दहाची खोली भाड्याने देणारा मालक नोंदणीला सहज तयार होत नाही. त्यामुळे कायदा ज्या मुलांसाठी केला, त्यातली सगळ्यात गरजू मुलं पत्त्याच्या पुराव्यावरच अडतात.

वेळेचा मुद्दाही आहे. 2025 मध्ये अर्जाची मुदत सुरुवातीला 14 ते 27 जानेवारी होती. म्हणजे 14 दिवस. नंतर ती 2 फेब्रुवारीपर्यंत वाढवली. उत्पन्नाचा दाखला देण्यासाठी सेवा हक्क कायद्यात प्रशासनाला मिळणारी मुदत आहे 15 दिवस. अर्ज सुरू झाल्याची बातमी वाचून ज्यांनी दाखल्यासाठी धावपळ केली, त्यांचा हिशेब पहिल्या मुदतीत बसतच नव्हता. अर्ज भरताना कागदपत्रं अपलोड करावी लागत नाहीत हे खरं. पण नंतर तपासणीत दाखल्यावरची तारीख बघितली जाते.

2024 मध्ये हाच 'एक किलोमीटर' उलटा फिरवला गेला

हा भाग नीट लक्षात घेण्यासारखा आहे. कारण त्याचा संबंध थेट गावाकडच्या मुलांशी आहे.

9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारने नियमांत बदल केला. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला 25 टक्क्यांच्या बंधनातून सूट. सरकारचं म्हणणं साधारण असं होतं की जवळ सरकारी शाळा असताना खासगी शाळेला पैसे कशाला द्यायचे?

आता जुन्नर तालुका डोळ्यासमोर आणा. अशी किती गावं आहेत जिथे जिल्हा परिषदेची शाळा नाही? राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा उपलब्ध करून देणं हे सरकारचंच काम आहे. म्हणजे सरकारने आपलं काम केलं की खासगी शाळेची जबाबदारी आपोआप संपणार. आळेफाट्याच्या पट्ट्यात या नियमातून किती शाळा उरल्या असत्या, याचा अंदाज तुम्हीच करा.

त्या वर्षी एप्रिलमध्ये पोर्टल उघडलं तेव्हा यादीत 75 हजारांच्या आसपास शाळा दिसू लागल्या. कारण त्यात अनुदानित आणि सरकारी शाळाच जास्त होत्या. पालकांनी विचारलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत तर तसाही मोफत प्रवेश मिळतो, मग लॉटरीचा फॉर्म कशाला? प्रतिसाद अगदीच कमी आला.

पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. 6 मे 2024 ला न्यायालयाने बदलाला स्थगिती दिली. मग नव्याने अर्ज मागवले गेले. जुन्या पद्धतीने 9 हजार 200 च्या वर शाळा, 1 लाख 5 हजार जागा आणि 2 लाख 42 हजारांहून अधिक अर्ज. 7 जूनला सोडत निघाली, पण यादी जाहीर झाली नाही, कारण निकाल बाकी होता. 19 जुलैला उच्च न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य आणि मूळ कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला. 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या संघटनेची याचिका फेटाळली.

न्यायालयात पालक जिंकले. पण तोवर शाळा जूनमध्ये सुरू झाल्या होत्या. ज्यांना थांबणं परवडलं नाही, त्यांनी मुलांना मिळेल तिथे घातलं. पुस्तकं, गणवेश, फीचा पहिला हप्ता भरून झाला होता.

आकडे बघा. 2023-24 मध्ये अर्ज होते 3 लाख 64 हजारांच्या आसपास. 2024-25 मध्ये 2 लाख 42 हजार. 2025-26 मध्ये 3 लाख 5 हजार. मधला खड्डा हा मुलं कमी झाल्यामुळे पडलेला नाही. पालकांचा भरवसा हलल्यामुळे पडला आहे, आणि तो 2025-26 मध्येही पूर्ण भरलेला नव्हता. 2025 मध्ये प्रक्रिया जानेवारीतच सुरू झाली, यामागे 2024 चा धडा आहे.

शाळांची बाजू काय आहे?

शाळांची तक्रार एका वाक्यात सांगता येते: सरकार पैसे वेळेवर देत नाही.

इंग्रजी शाळांच्या संघटना अनेक वर्षांपासून थकीत रकमेसाठी आंदोलनं करतात, प्रवेशप्रक्रियेवर बहिष्काराचे इशारे देतात. थकबाकीचे त्यांचे दावे शेकडो कोटींच्या पुढचे आहेत. शहरातली मोठी शाळा ही उधारी सोसू शकते. तालुक्याच्या ठिकाणी वर्षाला 20-25 हजार फी घेणारी शाळा शिक्षकांचे पगार त्याच पैशांतून करते. तिच्या वर्गातली चार मुलांमागे एका मुलाची फी दोन-तीन वर्षं आली नाही, तर ती कुठून तरी भरून काढावी लागते.

ती कुठून निघते? कधी 'अॅक्टिव्हिटी'च्या नावाखाली, कधी पुस्तकांच्या संचातून, कधी बसच्या भाड्यातून. कायदा सांगतो की मुलाचं शिक्षण अडेल अशी कोणतीही फी घ्यायची नाही. प्रत्यक्षात पालक तक्रार करायला घाबरतात, कारण मूल त्याच शाळेत पुढची आठ वर्षं शिकणार असतं.

म्हणजे उशीर सरकारचा, ओझं शाळेवर, आणि त्यातला वाटा शेवटी पालकांच्या खिशातून. मोफत जागा मिळूनही काही पालक प्रवेश घेत नाहीत, त्यामागे हेही कारण आहे.

जिथे खासगी शाळाच नाही, तिथे काय?

आळेफाट्याहून पश्चिमेला निघालात, ओतूर-जुन्नर ओलांडून सह्याद्रीच्या कडेला गेलात, की महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या लागतात. आंबेगाव तालुक्यातही घोडेगावच्या पुढे हेच चित्र. अनुसूचित जमातीची ही मुलं आरटीईच्या वंचित घटकात सगळ्यात वर बसतात. त्यांना उत्पन्नाची अट नाही.

पण त्यांच्या परिसरात 25 टक्के राखून ठेवायला खासगी शाळाच नाही. शंभर टक्क्यांतले 25 टक्के काढायचे तर आधी शंभर तर हवेत.

या मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची नामांकित निवासी शाळांमध्ये प्रवेशाची वेगळी योजना आहे. जुन्नर-आंबेगावसाठी तिचा अर्ज घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत होतो. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला घरापासून लांब वसतिगृहात ठेवायचं, ही त्याची किंमत आहे. बाकीच्यांसाठी वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा हाच रस्ता.

आणि इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. आपण सगळे आरटीईच्या सोडतीकडे डोळे लावून बसतो, त्याचा अर्थ आपण सरकारी शाळेवरचा विश्वास सोडला आहे का?

याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने हे उलटं करून दाखवलं होतं. गावकऱ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून शाळा अशी उभी केली की बाहेरगावचे पालक तिथे प्रवेशासाठी रांग लावू लागले. सगळ्या शाळा वाबळेवाडी होणार नाहीत. पण 3 लाख अर्जांपैकी दोन लाख मुलं शेवटी जिथे जातात, त्या शाळांचं काय, हा प्रश्न सोडतीच्या बातमीत कधी येत नाही.

नियमात काय बदलता येईल?

अंतराचा नियम काढून टाका, असं म्हणणं सोपं आहे. तो काढला तर शहराजवळच्या मोठ्या शाळांवर सगळे तुटून पडतील आणि शाळेच्या शेजारचंच गरीब मूल मागे राहील. म्हणून नियम राहू दे, पण तो सगळीकडे एकाच मापाने नको.

ग्रामीण भागात पहिला टप्पा तीन किलोमीटरचा करता येईल. तीन किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात 28 चौरस किलोमीटर येतात. आळेफाट्याच्या भोवतालच्या बऱ्याच वस्त्या त्यात बसतील. शाळेची बस ज्या गावात जाते, ते गाव शाळेचा 'परिसर' मानता येईल. फी भरणाऱ्या मुलाला आणायला बस पोहोचते, तर आरटीईच्या मुलासाठी तेच गाव लांब कसं?

नकाशावरची खूण अर्ज पक्का होण्याआधी अंगणवाडी सेविका किंवा जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांकडून एकदा बघून घेता येईल. त्यांना कुठलं घर कुठे आहे ते पाठ असतं. त्याने खोट्या खुणाही पकडल्या जातील आणि चुकलेल्याही दुरुस्त होतील. नंबर लागल्यावर प्रवेश रद्द करण्यापेक्षा हे बरं.

आणि शाळांचे पैसे वेळेवर द्यावेत. याला नव्या नियमाची गरज नाही.

तुमचा नंबर लागला असेल तर...

शेवटच्या तारखेची वाट बघू नका. पडताळणी तालुका पातळीवरच्या समितीकडे होते. मूळ कागदपत्रं आणि झेरॉक्स दोन्ही घेऊन जा. फक्त मेसेजवर अवलंबून राहू नका. पोर्टलवर अर्जाच्या क्रमांकाने स्थिती बघता येते.

सोडतीत नाव येऊनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांत त्या मुलाचा विचार होत नाही. 'पुढच्या फेरीत यापेक्षा चांगली शाळा मिळेल' असा हिशेब करू नका.

...आणि लागला नसेल तर?

प्रतीक्षा यादी बघा. पहिल्या फेरीत बऱ्याच जागा रिकाम्या राहतात आणि त्या प्रतीक्षा यादीतून भरल्या जातात.

कुणी पैसे घेऊन जागा मिळवून देतो म्हणालं, तर देऊ नका. निवड संगणकीय सोडतीने होते. पैसे घेणाऱ्याच्या हातात त्यात काही नाही.

पुढच्या वर्षी अर्ज करायचा असेल, तर तयारी आत्ता सुरू करा. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला, जन्माचा दाखला, नोंदणीकृत भाडेकरार या गोष्टींना वेळ लागतो. पहिलीसाठी मुलाचं वय त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवं. एका मुलासाठी दोन अर्ज भरू नका, दोन्ही बाद होऊ शकतात.

आणि फॉर्म कुणीही भरून देवो, नकाशावरची खूण स्वतः बघा. मोठी करून बघा. आपलं घर, आपली विहीर, आपला रस्ता ओळखता येतोय का ते पाहा. मगच अर्ज पक्का करा.

माझ्या बहिणीचा मुलगा आता वस्तीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीत आहे. बाई चांगल्या आहेत, तो आनंदात आहे, असं ती सांगते. धाकटी दोन वर्षांनी पहिलीला येईल.

"तेव्हा फॉर्म मीच भरणार," असं तिने आत्ताच सांगून ठेवलंय.